मिठागरावरची तिसरी रेघ

मित्रांनो, मी एक जुने चाक आहे. चाक म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर सायकल येईल, मोटार येईल, फार तर बैलगाडी येईल. मी त्यांच्यातले नाही. मी एका छोट्या विमानाच्या शेपटीखालचे चाक आहे. आकाराने चहाच्या बशीएवढे आणि अंगाने भरीव रबराचे.

आजकालच्या विमानांना तिसरे चाक नाकाखाली असते. आमच्या काळी ते शेपटीखाली असे. त्यामुळे आमचे विमान उभे राहिले की त्याचे नाक आभाळाकडे आणि शेपूट जमिनीला. असे विमान दिसायला ऐटदार, पण जमिनीवर फार हट्टी. त्याचे सगळे वजन पुढच्या दोन चाकांच्या मागे असते. शेपूट एकदा बाजूला सरकली की ती थांबत नाही, नाकाच्या पुढे जायला बघते. तिला जागेवर ठेवायचे तर वैमानिकाने दोन्ही पायांनी पेडल सतत, अगदी हलके हलके दाबत राहावे लागते. पेडलांपासून माझ्यापर्यंत तारा येतात. वैमानिकाचे पाय काय म्हणतात, ते सर्वांत आधी मला कळते.

साठ वर्षांपूर्वी बंगळूरच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. ट्रकला असतो तसा, पण लहानसा पोलादी पाटा मला दिला आणि शेपटीखाली बसवले. तेथून आम्ही एका फ्लाइंग क्लबात गेलो. काही वर्षांनी तेथे शिकवायला आशालताबाई आल्या. त्या इतक्या ठेंगण्या होत्या, की पाठीमागे दोन उशा घेतल्याशिवाय त्यांचे पाय पेडलांना पोहोचत नसत. पण त्या पायांइतके जागे पाय मी पुन्हा अनुभवले नाहीत. त्याच क्लबात वसईजवळच्या वटार गावचा ऑस्कर नावाचा तरुण मेकॅनिक होता. तो रोज सकाळी खाली वाकून मला ग्रीस लावायचा आणि बोटाने फिरवून कान देऊन ऐकायचा.

पुढे क्लबात नवी विमाने आली. आम्हाला शेडमध्ये ढकलले गेले. पंखांच्या कापडाला उंदरांनी भोके पाडली, कबुतरांनी आसनांवर घरटी केली. माझे रबर तडकले. किती पावसाळे गेले ते मी मोजले नाहीत. मग एके दिवशी पांढऱ्या केसांचा एक माणूस आला, गुडघे टेकून माझ्यापाशी बसला, त्याने मला बोटाने फिरवले आणि कान दिला. तो ऑस्करच होता. मोठ्या कंपनीतली विमाने दुरुस्त करता करता तो निवृत्त झाला होता. भंगारात निघालेले आमचे विमान ट्रकवर चढवून त्याने वटारला आणले.

केळीच्या बागेशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये सात वर्षे काम चालले. मला नवे रबर मिळाले. पंखांचे कापड शिवायला ऑस्करची बायको ॲंजेला बसली. आसपासच्या गावांतल्या किती नवरीमुलींचे लग्नाचे झगे तिने शिवले असतील! ती ओठांत टाके मोजत शिवायची. कापड ताणून बसावे म्हणून त्यावर उग्र वासाचे रोगण चढवले, तेव्हा तीन दिवस सबंध घराचे डोके दुखले.

"एवढं कापड एखाद्या बाईला नेसवलं असतं तर निदान चर्चला तरी गेली असती," ॲंजेला म्हणायची.

"ही त्याहून वर जाईल," ऑस्कर म्हणायचा.

विमान उडवायला विरारचा हर्षवर्धन आला. चाळिशीतला, हसऱ्या चेहऱ्याचा कॅप्टन. एरवी तो दोनशे माणसांचे मोठे विमान चालवी. सगळे परवाने हाती आल्यावर उमेळ्यापलीकडे, खाडीकाठच्या बंद पडलेल्या एका मिठागरावर धावपट्टी तयार झाली. जमीन काशीराम नावाच्या शेतकऱ्याची आणि त्याच्या भावांची होती. दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणारी ती पट्टी काशीरामने स्वतः रोलर फिरवून सपाट केली, टोकाला बांबू रोवून वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी टांगली आणि आमच्या विमानाचे नाव 'चतुर' ठेवले. भातखाचरांवर भिरभिरणाऱ्या चतुर किड्याचेच नाव ते.

मित्रांनो, इतक्या वर्षांनी पुन्हा उडण्याची ती पहिली सकाळ मी कशी सांगू? विमान धावू लागले की सर्वांत आधी मीच जमीन सोडते. शेपूट उचलली गेली आणि वाऱ्याने मला तळहातावर घ्यावे तसे घेतले. खाली मिठागरांचे चौकोन आरशांसारखे चमकत होते. त्यांच्या पलीकडे खाडी आणि खाडीपलीकडे समुद्र. ज्या वाऱ्याला रंग नाही, रूप नाही, हात नाहीत, त्याच्यावर एवढे लोखंड, लाकूड आणि माणूस बसलेला आहे, हे आजही मला खरे वाटत नाही.

अशा आठ-दहा सकाळी छान गेल्या. पहाटेपासून जमिनीकडून समुद्राकडे मंद मतलई वारा वाहायचा. तो थकण्याआधी आम्ही परतायचो.

मग तो फेब्रुवारीतला रविवार आला. त्या दिवशी ॲंजेला पहिल्यांदा विमानात बसणार होती. तिने नवा फुलाफुलांचा ड्रेस घातला होता आणि केस रुमालाने घट्ट बांधले होते.

"आंटी, भीती नाही ना वाटत?" हर्षवर्धनने विचारले.

"कशाची? माझी शिवण अजून कुणाची उसवली नाही," ॲंजेला म्हणाली.

आठ वाजता निघायचे होते, पण धुके हटेना. साडेदहा वाजले. धुके विरले तेव्हा काशीराम बांधावर उभा राहून साचलेल्या पाण्याकडे बघत होता.

"कप्तान, आज राहू द्या," तो म्हणाला. "वारा पलटनार. पानी बघा, कसं थरथरतंय."

"काका, वीस मिनिटांत परत येतो. आंटी सकाळपासून वाट बघतायत."

आणि आम्ही उडालो. ॲंजेला उजवीकडच्या आसनावर होती. वटारवरून जाताना तिने आपले घर शोधले. इंजिनाच्या आवाजातूनही तिचे हसणे माझ्यापर्यंत आले.

"एवढंसं? अरे, एवढंसं घर, आणि मी जन्मभर तेच झाडत बसले!"

मग ती हसायची थांबली. राजोडीच्या किनाऱ्यावरून समुद्र दिसला, पुढे कुठेच न संपणारा. तिने छातीवर क्रूस काढला आणि मान वळवून शेवटपर्यंत समुद्राकडेच बघत राहिली.

परतताना हर्षवर्धनने बांबूवरची कापडी पिशवी पाहिली. ती मेलेल्या माशासारखी खाली लोंबत होती. वारा नाहीच, असे त्याला वाटले. पण मित्रांनो, मतलई वारा थांबतो आणि समुद्रावरून खारा वारा सुटतो, त्या दोघांच्या मध्ये एक श्वासभर शांतता असते. आम्ही नेमके त्या शांततेत उतरत होतो.

आम्ही दक्षिणेकडून आलो. पुढची दोन चाके टेकली. मग मी टेकले. इतके अलगद की ॲंजेलाने टाळ्या वाजवल्या. हर्षवर्धनने सुटकेचा श्वास सोडला आणि त्याचे पाय सैल पडले. मला ते लगेच कळले. तारा एकदम मुक्या झाल्या.

आणि डावीकडून, समुद्राकडून, तो आला.

मी वाऱ्यात वाढलेले चाक आहे. पण त्या क्षणापर्यंत मला वारा कळलाच नव्हता. आकाशात त्याने आम्हाला झेलले होते, म्हणून मी त्याला आमचा समजत होते. तो कुणाचा नसतो. त्याने आमच्या शेपटीला केवळ एक हात लावला. घराचे दार लोटताना आपण लावतो तेवढाच. शेपूट उजवीकडे सरकली. नाक वाऱ्याकडे, डावीकडे वळू लागले. मी तारांकडून काहीतरी येण्याची वाट बघत होते. काहीच आले नाही. जेव्हा आले, तेव्हा उशीर झाला होता. विमान स्वतःभोवती गर्रकन फिरले, उजवा पंख जमिनीवर आपटला, उजव्या चाकाचा पाय मोडून आत गेला आणि मी आडवे फरफटत जाऊन माझ्या पाट्यासकट तुटले.

धूळ बसली. इंजिन बंद पडले होते. ॲंजेलाचे उजवे मनगट तिच्या मांडीवर विचित्र कोनात पडले होते. ऑस्कर धावत आला. त्याने विमानाकडे पाहिलेच नाही. त्याने बायकोला उचलले.

हर्षवर्धन पंखापाशी उभा होता. "शेपटीच्या चाकाने दगा दिला, अंकल," तो म्हणाला. "मी पेडल मारलं होतं. विमानाने ऐकलंच नाही."

तो खोटे बोलत नव्हता. त्याला तसेच वाटत होते. पण ते ऐकून ऑस्करचा चेहरा जो उतरला, तो मी धुळीत पडल्या पडल्या पाहिला.

ॲंजेलाच्या मनगटाची दोन हाडे मोडली होती. शिवणाऱ्या हाताची. ऑस्करने मला घरी नेले, टेबलावर ठेवले, भिंग घेऊन माझा प्रत्येक भाग पाहिला. फिरवून पाहिले, कान दिला. त्याला काही सापडले नाही, आणि त्यामुळेच तो जास्त खचला. "माझ्याच हातून काहीतरी राहिलं असणार," तो स्वतःशीच म्हणायचा. चार दिवस तो धड जेवला नाही. अपघाताच्या चौकशीसाठी हर्षवर्धनप्रमाणे त्यालाही लेखी म्हणणे द्यायचे होते. 'देखभालीत माझी चूक झाली' असा कागद त्याने लिहून ठेवला. विमान भंगारात द्यायचे ठरवले.

मी ओरडून सांगायला हवे होते. पण चाकाला तोंड कुठले?

तेव्हा ॲंजेलाने डाव्या हाताने फोन उचलला. "आशालताबाई, तुम्ही ह्यांना ओळखता," ती म्हणाली. "ते कधी खोटं बोलायचे नाहीत, पण दुसऱ्याची चूक आपल्या अंगावर ओढून घेतील. तुम्ही या."

दुसऱ्याच दिवशी आशालताबाई आल्या. पंच्याहत्तरी उलटलेली, हातात काठी, पायांत कॅनव्हासचे बूट. घरात न टेकता त्या म्हणाल्या, "ऑस्कर, ते चाक घे. हर्षवर्धनलाही बोलाव. मला जागा बघायची आहे."

मिठागरावर काशीराम वाट पाहत होता. धावपट्टीवर लांबच लांब पेंढा पसरलेला दिसला.

"हे काय?" ऑस्करने विचारले.

"मानसं बघायला येत होती, चाकांचा माग तुडवत होती," काशीराम म्हणाला. "म्हनून पेंढा टाकून ठेवला. विमानाचं मला काय कळत नाही. पण डुक्कर शेतात कुठून शिरलं ते माग बघूनच कळतं."

त्याने पेंढा बाजूला केला. खाली, सुकलेल्या खाऱ्या मातीत, आमच्या शेवटच्या उतरण्याचा सगळा माग जसाच्या तसा होता. दोन रुंद रेघा. थोड्या अंतरावर त्यांच्या बरोबर मधून सुरू होणारी तिसरी, बारीक रेघ. ती माझी.

आशालताबाई काठी टाकून चक्क गुडघ्यांवर बसल्या. बोटाने माझी रेघ चाचपत पुढे सरकू लागल्या.

"ऑस्कर, चाक इथे तुटलं," शेवटी त्या म्हणाल्या. त्यांनी सर्वांत पुढचा खरवडलेला खड्डा दाखवला. "विमान पूर्ण फिरल्यावर. आधी नाही. आणि इथपर्यंत ते अडकलेलंही नाही. गोल, स्वच्छ फिरत आलंय."

ऑस्करने मला दोन्ही हातांनी इतके घट्ट धरले होते की त्याचा घाम मला लागत होता.

"कॅप्टन," आशालताबाईंनी हाक मारली, "ह्या रेघेवरून चालत या. हळू. आणि तेव्हा मनात काय काय येत होतं ते आठवत या."

हर्षवर्धन चालू लागला. पाच पावले, दहा पावले, पंधरा. जेथे बारीक रेघ उजवीकडे वळू लागली होती, त्याच्या तीन-चार पावले अलीकडे तो थांबला.

"इथे," तो म्हणाला. "इथे मला वाटलं, उतरलो."

"रेघ बघा. केवढी सरळ आहे. जागे पाय असले की ही रेघ कधी सरळ येत नाही, ती सतत थोडी थोडी थरथरते. इथे उजवा पाय हवा होता. जास्त नाही, अंगठ्याएवढा."

"मी पेडल मारलं होतं, मॅडम."

"मारलंत. पण कुठे, ते तुम्हीच दाखवा."

हर्षवर्धन खाली वाकला. रेघ पूर्ण बाहेर गेल्यानंतर, खड्ड्याच्या जेमतेम हातभर आधी, तिला एक लहानसा झटका होता. तो त्या झटक्याकडे बघत राहिला. मोठा कॅप्टन, हजारो तास आकाशात घालवलेला माणूस, सगळ्यांसमोर खाली मातीत बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकले.

मित्रांनो, वाऱ्याने मला थक्क केले होते. पण त्यानंतर जे झाले त्याने मी अधिक थक्क झाले. हर्षवर्धन उठला आणि सरळ वटारला गेला. आपल्या म्हणण्याचा जुना कागद त्याने फाडला आणि नवा लिहिला: चाकाचा आणि देखभालीचा दोष नाही, वारा बदलणार हे मला सांगितले होते, माझे पाय वेळेवर हलले नाहीत. मग तो ॲंजेलासमोर उभा राहिला.

"आंटी, मला माफ करा."

ॲंजेलाने प्लास्टरमधला हात उशीवर नीट ठेवला. "हाड जुळेल रे, बाबा," ती म्हणाली. "माफी त्या माणसाकडे बघून माग. चार दिवस त्याने स्वतःला चोर समजून काढलेत."

हर्षवर्धन ऑस्करकडे वळला. त्याने हात जोडले. ऑस्करने टेबलावरचा आपला कागद उचलला, चुरगाळला आणि म्हणाला, "जेवायला बस. मलाही भूक लागलीय."

विमान पुन्हा उभे राहायला वर्ष लागले. ॲंजेलाचे मनगट जुळले, पण पूर्वीसारखे वळेना. उजव्या पंखावरचे टाके तिने डाव्या हाताने घातले. ते थोडे मोठे आहेत, पण एकही उसवलेला नाही. माझ्या बाबतीत मात्र ऑस्करला एक दुखरी गोष्ट दिसली. त्या फरफटीत मला धरून ठेवणाऱ्या लोखंडाला केसाएवढी चीर गेली होती, पहिल्या वेळी भिंगालाही न दिसलेली. त्याने ती तीनदा तपासली. मग माझ्यावरून हात फिरवून म्हणाला, "तुझा दोष नाही. पण आता तुला पाठवणार नाही." माझ्या जागी नवे चाक बसले. मला वाईट वाटले नाही असे सांगितले तर ते खोटे होईल.

तिकडे आशालताबाईंनी हर्षवर्धनला पुन्हा पहिल्या इयत्तेत बसवले. त्या दर शनिवारी भर दुपारी, खारा वारा ऐन जोरात असताना यायच्या. "उडायचं नाही. नुसतं सरळ चालवून दाखव," त्या म्हणायच्या. तीन महिने तो दोनशे माणसांचा कॅप्टन मिठागरावर विमान नुसते चालवत होता. नंतर त्या स्वतः शेजारी बसल्या, दोन उशा घेऊन, आणि मग कुठे त्यांनी त्याला उडू दिले.

यंदाच्या फेब्रुवारीत ॲंजेला आपण होऊन म्हणाली, "मला राजोडीचा समुद्र पुन्हा बघायचाय. मागच्या वेळी बघून होण्याआधीच आपण परतलो." सगळे एकमेकांकडे बघू लागले. ती उजवीकडच्या आसनावर जाऊन बसलीसुद्धा.

ते सकाळी लवकर निघाले. पण वाऱ्याला घड्याळ कुठे असते? त्या दिवशी तो तासभर आधीच पलटला. बांबूवरची पिशवी फुगून पूर्वेकडे ताठ झाली. ऑस्करने मला काखेतून काढून दोन्ही हातांत धरले आणि दक्षिणेकडे डोळे लावले.

आमच्या 'चतुरा'ला समोरून येताना मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिले. किती लहान होते ते! आभाळाएवढ्या वाऱ्यात नखाएवढे विमान. ते खाली आले, चाके टेकणार, इतक्यात जोराचा झोत आला. पंख हेलकावला. इंजिन गरजले आणि विमान पुन्हा वर गेले.

"गेला की परत!" काशीराम ओरडला. "घाबरला काय?"

"नाही," आशालताबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "शहाणा झाला."

दुसऱ्यांदा ते आले तेव्हा डावा पंख वाऱ्याकडे झुकलेला होता. आधी डावे चाक टेकले, एकटेच. तशा एका चाकावर ते धावत राहिले. मग उजवे टेकले. मग शेपटीचे. वारा त्याला लोटत होता, आणि पेडलांनीच हलणारे शेपटीचे ते उभे पान डावीकडे-उजवीकडे, डावीकडे-उजवीकडे इवलेसे हलत होते. आत दोन जागे पाय होते. विमान हळू झाले, आणखी हळू झाले, काशीरामच्या बांधापाशी येऊन थांबले.

ऑस्कर धावला. त्याने दोन्ही पंखांच्या दोऱ्या खुंट्यांना बांधल्या, शेपटीची बांधली. ॲंजेला खाली उतरली. हर्षवर्धन मात्र आत तसाच बसून होता, घामाने भिजलेला.

"ऑस्कर, ह्याला सांग रे दोऱ्या बांधल्या म्हणून," ॲंजेला हसत म्हणाली. "अजून पाय सोडत नाही हा!"

आता मी ॲंजेलाच्या शिलाई मशीनशेजारी असते. दुपारी खिडकीतून खारा वारा येतो आणि तिचे कापड उडवू पाहतो, तेव्हा ती मला त्यावर ठेवते. कधी शाळेतली मुले मला बघायला येतात. ती हातात घेऊन फिरवतात आणि विचारतात, "हे तुटलं कशाने?" तेव्हा हर्षवर्धन तेथे असला तर तोच उत्तर देतो, "माझ्यामुळे."

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखे पुष्कळ असतील. मागे राहणारे, खाली वाकल्याशिवाय न दिसणारे. त्यांना अधूनमधून हात लावत जा, त्यांचा आवाज ऐकत जा. आणि काही मोडलेच, तर कुणाकडे बोट दाखवण्याआधी एकदा गुडघे टेकून मातीतला माग बघा. ज्याला तोंड नाही, त्याचे म्हणणे तेथे लिहिलेले असते.